दोन्ही मायकलांसाठी

रविवार, १७ नोव्हेंबर १९९६, टूवूंबा

आज डोरीनकडे जेवायला गेलो होतो. डोरीन म्हणजे माझ्या मुलीची, चित्राची सासू. वय शहात्तर, अलोराजवळच्या शेतघरात एकटी राहते आणि गाडी अशी चालवते की शेजारी बसलेल्याला आपलं मृत्युपत्र करायचं राहिलंय हे आठवावं.

जेवण झाल्यावर तिने बुटांचा एक जुना खोका माझ्यापुढे ठेवला. "सू, तू पेपरात होतीस ना?" सुनीतीचं सू तिने पहिल्याच भेटीत केलं, मी सुधारलं नाही.

येत्या ईस्टरला कन्सिडाइन घराण्याचं संमेलन आहे. दोनशे माणसं, मंडप, छातीवर नावाचे बिल्ले आणि घराण्याच्या इतिहासाचं पुस्तक. ते ब्रिस्बेनचा एक चुलतभाऊ लिहिणार होता. त्याने दोन वर्षं खोका सांभाळला आणि परत आणून दिला. डोरीनच्या नवऱ्याची, जिमची, एकच इच्छा होती. त्याचा आजोबा मायकल कन्सिडाइन आयर्लंडमधलं नेमकं कुठलं गाव सोडून इथे ऑस्ट्रेलियात आला ते कळावं. जिम ते न कळताच गेला. "तेवढं पहिल्या पानावर आलं की झालं," डोरीन म्हणाली. "बाकी पुस्तकात चुका असल्या तरी कोण बघतंय!"

"मी बघते," मी म्हटलं. एकोणतीस वर्षं उपसंपादक होते. हो म्हणून टाकलं.

परतताना गाडीत चित्रा म्हणाली, "आई, तू आराम करायला आलीस ना?"

"आरामाला पुणं काय वाईट होतं?"

त्यावर तिने रेडिओ लावला. हल्ली ती असंच करते. खरं तर मी तिच्यासाठीच आलेय. गेल्या वर्षी तिचं बाळ गेल्यापासून तिचे फोन आखूड होत गेले. आधी पंधरा मिनिटं, मग पाच, मग नुसतं हवामान. तिचं-माझं पूर्वीसारखं व्हावं म्हणून सहा महिन्यांचा व्हिसा काढून आले आणि दोन आठवडे झाले तरी इथेही हवामानच चाललंय. पुस्तकाच्या निमित्ताने दोघी एका टेबलाशी बसू, असा माझा हिशेब आहे.

संध्याकाळी निघण्याआधी डोरीनने रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हटली. शेवटी एक यादी असते, आजाऱ्यांची आणि गेलेल्यांची, प्रत्येक घराची आपापली. जिमचे वडील म्हातारे टॉम म्हणायचे तीच यादी ही अजून म्हणते. त्यात एक ओळ होती, "आणि दोन्ही मायकलांच्या आत्म्यांना शांती मिळो." मी विचारलं, दुसरा मायकल कोण? "कोण जाणे. सासरे म्हणायचे, मी म्हणते."

एक जिमचा आजोबा असणार. दुसरा कुणी काका-मामा. खात्री नाही, म्हणून पुस्तकात घ्यायचं नाही.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

खोका उपसला. हाती लागलं ते असं. मायकलचा इथला मृत्यूचा दाखला, १९०४ सालचा. वय साठ, जन्म आयर्लंड, काउंटी क्लेअर. बापाचं नाव थॉमस, शेतकरी. आई ऑनोरा, माहेरची नेगल. जहाजाच्या यादीत, १८६४, नुसतं "क्लेअर" आणि वय वीस. घरात चालत आलेली माहिती अशी की त्याला एक बहीण होती ब्रिजेट, ती बॉस्टनला गेली, आणि एक भाऊ पॅट्रिक, तो मागे राहिला.

क्लेअर म्हणजे जिल्हा. साताऱ्याचा माणूस शोधायचा आणि पत्त्यावर फक्त "सातारा जिल्हा", तशातली गत.

वाचनालयात चौकशी केली. तिथल्या बाईंनी सहानुभूतीने सांगितलं की १८४१ आणि १८५१ ची आयरिश जनगणना १९२२ च्या आगीत डब्लिनला जळाली. बरं, मग १८६१ ची? ती सरकारनेच आधी नष्ट केली. १८७१? तीही. जन्मनोंदणी? ती १८६४ मध्ये सुरू झाली. म्हणजे आमचा मायकल बोटीत चढला त्या वर्षी. मी विचारलं, उरलंय काय? त्या म्हणाल्या, चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी, जिथे असतील तिथे.

असा देश मी पाहिला नाही. आमच्याकडे कागद वाळवीने खाल्ले, पुरात गेले, पण निदान सरकार आणि आग यांनी वाटून घेतले नाहीत.

इथे बस नाही म्हटलं तरी चालेल. वाचनालयातून घरी चालत आले, चढाने. पायाला फोड.

सोमवार, ९ डिसेंबर

आयर्लंडमधल्या जुन्या चर्चनोंदींच्या मायक्रोफिल्म अमेरिकेतून मागवता येतात. इथल्या मॉर्मन चर्चच्या मागच्या खोलीत त्या वाचायचं यंत्र आहे, कुणीही जाऊन बसावं. एक फिल्म यायला सहा ते आठ आठवडे. छापील मार्गदर्शिकेत नेगल आणि कन्सिडाइन ही दोन्ही आडनावं जिथे जास्त, अशी क्लेअरमधली एक पॅरिश मी निवडली, किलडरीन. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हाताखालची गावं. अर्ज भरला.

तोवर वंशवृक्ष काढायला घेतला. जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरला होता. चित्रा हॉस्पिटलच्या ड्यूटीवरून आली, उभ्याउभ्या पाहू लागली. मला बरं वाटलं. बोट फिरवत फिरवत ती खाली आली, जावई ब्रेंडन आणि चित्रा यांच्या चौकटीपाशी थांबली.

"आमच्याखाली काय आहे?"

"तुमच्याखाली जागा मोकळी ठेवलीय," मी म्हटलं. उत्साहानेच म्हटलं. पुढे लागेलच की.

"मोकळी," ती म्हणाली. आणि आंघोळीला गेली.

सलग चौथी नाइट शिफ्ट होती. दमली असणार. बाळाची नोंद करायची नाही हे मी ठरवलंय. संमेलनात दोनशे लोक ते पान उघडतील आणि तिला येऊन विचारत बसतील, ते कशाला? गेल्या वर्षी बाळ गेलं तेव्हा मी इथेच होते. जेमतेम तीन आठवड्यांचं होतं. मी तेव्हाच सगळ्यांना सांगितलं, घरात नाव काढायचं नाही. आपल्याकडे तसंच करतात आणि त्याने माणूस लवकर सावरतं. ब्रेंडनने ऐकलं. चित्रानेही ऐकलं, वाद घातला नाही.

गुरुवार, २६ डिसेंबर

काल डोरीनकडे नाताळ. अडतीस डिग्री, ओव्हनमध्ये टर्की, डोक्यावर कागदी मुकुट. ब्रेंडनचे तीन काका माझ्याकडे येऊन "मग, आमचा राजवंश सापडला का?" असं आळीपाळीने विचारून गेले. फिल्मचा पत्ता नाही.

मंगळवार, १४ जानेवारी १९९७

फिल्म आली. चुकीची. केंद्रातल्या बाईंनी मला माझाच अर्ज दाखवला. क्रमांकातले शेवटचे दोन आकडे मी उलटे लिहिले होते. दुसऱ्यांचे आकडे तपासण्यात जन्म गेला, आणि हे! मागवलेली फिल्म कॉर्क जिल्ह्यातल्या प्रॉटेस्टंट मृतांची होती. तरी अर्धा तास पाहिली, रागाने.

पुन्हा अर्ज. पुन्हा सहा ते आठ आठवडे.

घरी येऊन आमटीला फोडणी दिली तर चित्रा तोंडावर हात धरून बाहेर गेली. म्हणे हिंगाचा वास नको वाटतो. लहानपणी हिंगाशिवाय जेवायची नाही. इथे राहून जिभा बदलतात.

रविवार, २ फेब्रुवारी

चित्राने नाइट ड्यूट्या बंद करून घेतल्यात. मला वाटलं आता तरी टेबलाशी बसेल, पण ती दुपारी झोपते. आणि दर रविवारी गाडी घेऊन एकटी जाते. "डोकं मोकळं करून येते," म्हणते. आज मला टूवूंबाबाहेरच्या एका वयस्कर कन्सिडाइन काकूंना भेटायचं होतं. ब्रेंडन आपली गाडी घेऊन कापसाच्या पाहणीला डॅल्बीकडे गेलेला. म्हणजे घरात गाडी नाही. मी म्हटलं, "डोकं पुढच्या रविवारी मोकळं केलंस तर नाही चालणार?"

"नाही चालणार, आई," ती म्हणाली, शांतपणे. दारातल्या कुंडीतली जिरेनियमची फुलं खुडून घेतली आणि गेली.

हॉस्पिटलात कुणाला द्यायची असतील. माझी मुलाखत बुडाली.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

योग्य फिल्म अपेक्षेपेक्षा लवकर आली. आज चार तास यंत्रापुढे बसले. पाद्रीबाबांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग, त्यात लॅटिन, त्यात पानांच्या कडा ओलीने गेलेल्या. काही वर्षं पूर्ण गायब. पण थॉमस कन्सिडाइन आणि ऑनोरा नेगल सापडले! उठून नाचावंसं वाटलं. शेजारच्या यंत्रावर एक आजोबा स्कॉटिश पणजी शोधत होते, त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "गुड ऑन यू, लव्ह," आणि परत आपल्या पणजीकडे वळले.

मग खाली वाचलं आणि सगळं विस्कटलं.

या जोडप्याच्या नावावर चार बाप्तिस्मे आहेत. १८३८ ब्रिजेट. १८४० मायकल. १८४४ मायकल. १८४७ पॅट्रिक.

दोन मायकल. एका घरात एका नावाची दोन मुलं असत नाहीत. याचा अर्थ सरळ आहे, ही दोन वेगळी कुटुंबं. आमच्या आळीत तीन कुसुम जोशी होत्या आणि त्यांतल्या दोघींचे नवरे दत्तात्रय. पोस्टमनला विचारावं. तसंच हे. एका थॉमस-ऑनोराची मुलं ब्रिजेट आणि मायकल. दुसऱ्या थॉमस-ऑनोराची मायकल आणि पॅट्रिक. आणि आपल्या मायकलला तर ब्रिजेटही हवी आणि पॅट्रिकही हवा. म्हणजे दोन्हींपैकी एकही कुटुंब आपलं नाही.

इतक्या जवळ येऊन. पण दोन गोष्टी जुळत नसतील तर बातमी मारायची, हे मी शिकाऊ पोरांना वर्षानुवर्षं सांगत आलेय. किलडरीनवर काट मारली. शेजारच्या पॅरिशची फिल्म मागवली. ती ईस्टरच्या आधी येणार नाही हे मला माहीत आहे.

डोरीनला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "नो वरीज, सू. जिमला सवय होती वाट बघायची."

रविवार, २ मार्च

छापखान्याने १४ तारीख दिलीय. त्यानंतर एक अक्षर बदलणार नाहीत. पहिलं पान रिकामं.

डोरीन आज इकडे आली होती. गप्पा मारता मारता विणत होती. एवढ्या उकाड्यात लोकर! मी विचारलं काय विणतेस, तर म्हणाली, "चर्चच्या सेलसाठी," आणि विणकाम पिशवीत टाकलं. चित्राने तिच्याकडे पाहिलं. त्या दोघींचं बरं जमतं. मला वाईट वाटलं हे लिहून ठेवते.

ती गेल्यावर मी वंशवृक्षाचं पक्कं चित्र चित्राला दाखवलं. तिने पुन्हा तीच चौकट पाहिली, आपली आणि ब्रेंडनची, खालची मोकळी जागा.

"हे फायनल आहे?"

"वरचं एक टोक सोडून. ते मायकलचे आईबाप सापडेनात. एकेका पोराची नोंद शोधून डोळे गेले माझे, कुठली ब्रिजेट, कुठला पॅट्रिक..."

"तुला दीडशे वर्षांपूर्वीची पोरं चालतात," चित्रा म्हणाली.

"म्हणजे काय?"

"काही नाही."

"चित्रा, बोल ना काय ते. मी इथे कुणासाठी मरमर करतेय? तुझ्या सासरच्यांसाठीच ना?"

"मी सांगितलं होतं का तुला?" तिचा आवाज चढला. ब्रेंडन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला, हातात फडकं. तो मला एरवी "आयी" म्हणतो, आज तिच्याकडेच बघत होता. चित्राने शर्ट खाली ओढला, हल्ली ती ब्रेंडनचेच ढगळ शर्ट घालते, वजन वाढलंय, आणि खोलीत गेली.

सहा महिन्यांतले चार संपले. मी जिथे होते त्याच्याही मागे गेले.

रविवार, ९ मार्च

आज जे झालं ते क्रमाने लिहिते.

पुस्तकासाठी थडग्यांवरच्या तारखा पडताळायच्या राहिल्या होत्या. डोरीन मला अलोराच्या दफनभूमीत घेऊन गेली. वाळकं गवत, वारा, कुंपणापलीकडे ज्वारीचं रान. कन्सिडाइनांची एक अख्खी रांग आहे. मी एकेका दगडापाशी बसून तारखा ताडून पाहत होते आणि डोरीन बादलीतून पाणी आणून दगड पुशीत होती. मायकल, त्याची बायको, म्हातारे टॉम, जिम. जिमच्या दगडावर तिचंही नाव कोरून ठेवलंय, पुढची जागा सोडून. "स्वस्तात पडलं, दोघांचं एकदम," ती म्हणाली.

जिमच्या पायथ्याशी एक लहानसा दगड आहे. मला तो कुठे आहे हे माहीत होतं आणि मी तिकडे जाणार नव्हते. पण त्याच्यापुढे एक काचेची बरणी होती, आणि तिच्यात जिरेनियमची फुलं. आमच्या दारातली. ताजी.

"चित्रा आज सकाळीच येऊन गेली वाटतं," डोरीन म्हणाली. "कधी चुकत नाही तिचा रविवार."

मी बरणीकडे बघत राहिले. मग उगाचच वहीचं पान उलटलं.

"चल," डोरीन म्हणाली, "माझी माणसं तिकडे आहेत, त्यांनाही पाणी दाखवते." तिचं माहेरचं नाव टूही. दोन ओळी पलीकडे तिच्या आईवडिलांचा दगड, आणि त्याला टेकून पांढरा, गुडघ्याएवढा एक. वर कोकरू कोरलेलं, झिजून गेलेलं. मी खाली वाकून वाचलं. डोरीन मेरी टूही. १९१८ ते १९१९.

मी वळून पाहिलं. डोरीन मेरी टूही बादली घेऊन माझ्या मागे उभी होती.

"ही कोण?"

"माझी बहीण. फ्लूत गेली. मी पुढच्या वर्षी झाले."

"पण नाव तर..."

"तिचंच. आईने मला दिलं." ती सहज सांगत होती. "असं करायचे तेव्हा. चांगलं नाव वाया कशाला घालवायचं?"

आपल्याकडे गेलेल्या मुलाचं नाव पुढच्या मुलाला कोणी ठेवणार नाही, मनातसुद्धा आणणार नाही. मी तिला विचारलं, भीती नाही वाटली कधी? आपलंच नाव दगडावर बघून?

"भीती?" ती हसली. "शाळेत मी भाव खायचे. म्हणायचे, माझं थडगं बघायला येता का, एक पेनी." मग पदर नसलेल्या बाईने पदर सावरावा तशी तिने टोपी सारखी केली. "आई मला जेवायला हाक मारायची ना, तेव्हा तिच्या तोंडात आम्ही दोघी असायचो. दिवसातून वीसदा. तिला ते बरं वाटायचं, सू. मला काय, मला जेवण मिळायचं."

घरी परतताना मी खिडकीबाहेर बघत होते. वॉरिकचा रस्ता ओलांडल्यावर एकदम डोक्यात आलं. इतक्या मोठ्याने ओरडले की डोरीनने ब्रेक मारला.

"दोन्ही मायकल!"

"काय?"

"तुझ्या प्रार्थनेतले! दुसरा मायकल कुणी काका नव्हे. १८४० चा मायकल गेला. चार वर्षांनी दुसरा झाला, त्याला तेच नाव दिलं. कुटुंब एकच आहे, डोरीन. थॉमस, ऑनोरा, ब्रिजेट, मायकल, मायकल, पॅट्रिक. किलडरीन. मी त्यांचे दोन तुकडे केले होते."

तिने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. इंजिन चालूच होतं. मग म्हणाली, "म्हणजे आपला मायकल अख्खा जन्म भावासाठी प्रार्थना करत होता. ज्याला त्याने पाहिलंही नव्हतं."

"त्याच्याकडून टॉमने उचलली, आणि बाप गेल्यावर 'दोन्ही' म्हणायला लागला. टॉमकडून तू."

"आणि आमच्यातल्या एकानेही विचारलं नाही," डोरीन म्हणाली. "किलडरीन." पुन्हा म्हणाली. मग डोळे पुसायला तिने गाडी पुसायचं फडकं घेतलं आणि सगळा चेहरा काळा करून घेतला.

दारात उतरताना मी तिला म्हटलं, "विणकाम चर्चच्या सेलचं नाहीये ना?"

"ते मला विचारू नकोस. तुझ्या मुलीला विचार."

सोमवार, १० मार्च

पहिलं पान लिहून झालं. चांगलं झालंय. जितका आनंद व्हायला हवा तितका होत नाहीये.

हिंग. दुपारची झोप. नाइट ड्यूटी. ढगळ शर्ट. सगळे कागद समोर होते आणि यातला एकही सरकारने जाळला नव्हता.

चित्रा उशिरा आली. मी तिला नुसतं जेवायला वाढलं.

बुधवार, १२ मार्च

आज तिला सुट्टी होती. ब्रेंडन कामावर गेल्यावर मी दोन कप चहा केला, मग एक परत ओतला आणि तिला लिंबूपाणी दिलं. तिने ग्लासकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मी काय बोलायचं ते पाठ केलं होतं. त्यातलं काहीच आठवलं नाही. म्हटलं, "मिहिरच्या बरणीतलं पाणी बदलायला पुढच्या वेळी मला नेशील?"

हे नाव मी एकवीस महिन्यांनी उच्चारलं. या वहीतही आजच पहिल्यांदा लिहितेय.

ती रडेल असं वाटलं होतं. ती आधी नुसती बघत राहिली, जणू मी दुसऱ्याच कुणाच्या आवाजात बोलले. मग म्हणाली, "पुन्हा म्हण."

"मिहिर."

मग रडली. मीही.

बऱ्याच वेळाने म्हणाली, "इथे मला कुणी विचारलं की हे तुझं पहिलं का, तर मी हो म्हणायची. घरात नावच नाही म्हटल्यावर काय सांगणार? त्याच्याशी खोटं बोलल्यासारखं वाटायचं."

"मग तूच का नाही सांगितलंस मला? म्हणजे, या वेळचं?"

"तू म्हणाली असतीस, बघ, आता मागचं सगळं विसर."

म्हणाले असते. अगदी याच शब्दांत.

बाळंतपणाची तारीख ऑगस्टची आहे. डोरीनला तिने जानेवारीतच सांगितलं होतं. मला डोरीनचा राग आला नाही, थोडा आला. मी चित्राला दोन मायकलांची आणि दोन डोरीनची गोष्ट सांगितली. तिला कोकराच्या दगडाचं माहीत होतं. मी भीत भीत विचारलं, "तुम्ही पण... तेच नाव ठेवायचं म्हणताय का?"

"नाही गं आई!" ती रडता रडता हसली. "ते त्याचं आहे. त्याच्याकडेच राहू दे. फक्त घरात असू दे."

दुपारी फोडणी दिली. हिंगाशिवाय. तिने दोनदा आमटी घेतली.

शुक्रवार, १४ मार्च

छापखान्यात शेवटची प्रूफं. ब्रेंडनने अर्धा दिवस सुट्टी घेऊन मला आणि चित्राला गाडीतून नेलं. पान जुळवणाऱ्या बाई माझ्याच वयाच्या, नाकावर चष्मा, हातात लाल पेन. बघताक्षणी ओळखलं, आपल्यातल्या आहेत. वंशवृक्षाच्या पानावर मी कालच दोन दुरुस्त्या दिल्या होत्या. वरच्या टोकाला एका ओळीत दोन मायकल. आणि खाली, मोकळ्या जागेत, एक नवी चौकट.

वरचे दोन मायकल पाहून त्या म्हणाल्या, "हा एक दोनदा पडलाय."

"नाही, दोन होते."

त्यांनी मान हलवली आणि खाली आल्या. खालच्या चौकटीवर पेन थांबलं. "आणि इथे मात्र साल चुकलंय, लव्ह. दोन्हीकडे १९९५ आलंय. शेवटचं कुठलं टाकू?"

अशी चूक मी आयुष्यात शेकडो वेळा पकडली असेल. कुणी सोडली तर रागावले असेन. चित्रा माझ्या शेजारी उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही, तिने माझा हात धरलेला होता.

"बरोबर आहे," मी म्हटलं. "दोन्ही तसंच राहू दे."

बाईंनी चष्म्यावरून आधी मला पाहिलं, मग तिला. लाल पेनाला टोपण लावलं. "नाव नीट आलंय का बघून घ्या," त्या हळूच म्हणाल्या.

चित्रा वाकली आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत तिने ते मोठ्याने वाचलं. मी पान छपाईला सोडलं.